पिल्लांचा पहिला महिना: मर कशी रोखायची, आजार कसा ओळखायचा

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा पिल्लं निघाली, तर माणसाला फारसं काही करावं लागत नाही. ऊब ती देते, ओल्या जागेवरून ती हलवते, घार दिसली की पंखाखाली घेते. गिरिराजा किंवा वनराजा या सुधारित जातींची एक दिवसाची पन्नास पिल्लं खोक्यातून घरी आली, की ही सगळी कामं आपल्या गळ्यात पडतात. नवीन माणूस इथेच फसतो. तो औषधांची यादी शोधतो आणि कोंबडीची कामं विसरतो.

मीही तसाच फसलो. भोर तालुक्यातल्या आमच्या घरी पहिली पन्नास पिल्लं मी ऐन जुलैत आणली. महिनाअखेर एकोणतीस उरली. मेलेल्या एकवीसपैकी निम्म्याहून जास्त कुठल्याच रोगाने गेली नव्हती. ती गेली गारठ्याने, ओल्या तुसाने आणि एका रात्री वीज गेली म्हणून. त्या महिन्यात मी चार बाटल्या औषध मात्र आणलं होतं. म्हणून या लेखात औषधं आहेत, पण ती जरा उशिरा येतील.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी

पन्नास पिल्लांना पहिले तीन आठवडे पंचवीस चौरस फूट जागा पुरते. पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा दीड फूट उंच गोल करा. यालाच चिक गार्ड म्हणतात. गोलच हवा, कारण चौकोनाच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. आत दोन-तीन इंच भाताचं तूस पसरा. भात गिरणीतून आणलेलं तूस हातात घेऊन हुंगून बघा. कुबट वास आला किंवा पांढुरकी बुरशी दिसली, तर ते गोठ्यामागे टाकून द्या, वाळवून वापरू नका. त्या बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात जातात. पिल्लं चोच उघडी टाकून धापा टाकतात, आणि या धापेवर उपयोगी पडेल असं औषध नाही.

तुसावर पहिले दोन दिवस वर्तमानपत्र अंथरायची पद्धत आहे, म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत. कागद आधी चांगला चुरगाळा आणि मग पसरा. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, आणि दोन दिवसांत दोन-तीन पिल्लांचे पाय बेडकासारखे फाकतात.

उबेसाठी पिवळा, तारेचा बल्ब लागतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण घरात सगळीकडे एलईडी असतात आणि लोक तोच लावतात. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. एका पिल्लाला दोन वॅट धरा, म्हणजे पन्नासांना शंभर वॅटचा एक बल्ब. थंडीत दोन लावा. बल्ब तुसापासून फूट-दीड फुटावर टांगा, आणि पिल्लं येण्याच्या चार-पाच तास आधी चालू करा, म्हणजे तूससुद्धा कोमट होतं. साध्या थर्मामीटरने पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन इंचांवर तापमान बघा. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश सेल्सिअस हवं. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जा. त्यासाठी बल्ब थोडा वर घ्यायचा, एवढंच.

थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट करत असतील, तर त्यांना थंडी वाजतेय. गार्डला चिकटून, पंख सोडून, चोच उघडी ठेवून बसली असतील, तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारा लागतोय, तिथली फट शोधा. आणि गोलात सगळीकडे विखुरलेली, काही टोचत, काही आडवी पाय ताणून झोपलेली दिसली, तर तुम्हीही झोपायला जा. पाय ताणून झोपलेलं पिल्लू पहिल्यांदा बघितलं की मेल्यासारखं वाटतं. मी एकदा उचलून हलवलं होतं, बिचारं दचकून ओरडलं.

पहिला तास

आधी पाणी, मग खाद्य. पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक असतो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. पण प्रवासात अंगातलं पाणी आटतं आणि पहिल्या दोन दिवसांतली बरीच मर त्यानेच होते. लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम गूळ विरघळवा. खोक्यातून एकेक पिल्लू काढताना त्याची चोच पाण्यात अलगद बुडवा, डोळे-नाक बुडू देऊ नका. एकाने पाणी शोधलं की बाकीची बघून शिकतात, तरी पन्नासच्या पन्नास पिल्लांची चोच बुडवायचा कंटाळा करू नका. गूळपाणी पहिल्या दिवसापुरतंच. पुढे तेच चालू ठेवलं तर हगवण लागते आणि भांडं चिकट होऊन मुंग्या येतात.

पन्नास पिल्लांना एक ड्रिंकर, म्हणजे पिल्लांचं पाणी प्यायचं भांडं, पुरतो. दोन असले तर उत्तम. पसरट थाळीत पाणी देत असाल तर त्यात गोटे ठेवा, पिल्लं बुडून मरतात. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा भुरभुरा. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. घरचे तांदूळ, कण्या, शिळी भाकरी यावर पिल्लं जगतात, पण वाढत नाहीत. बोटं आत मुडपलेली, पाय वाकडे, मान मागे टाकून आकाशाकडे बघणारी पिल्लं दिसू लागतात ती बहुतेक अशाच खाद्यावर. बोटं मुडपली तर ब-२ जीवनसत्त्व कमी पडलं, मान मागे गेली तर बहुधा ब-१, पाय मऊ पडून वाकले तर ड-३ आणि कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित चुकलं. लवकर लक्षात आलं तर पाण्यातून ब-जीवनसत्त्व दिल्यावर मानेत दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. वाकून घट्ट झालेला पाय मात्र सरळ होत नाही.

पहिली रात्र आणि वीज

वीज जाणार हे गृहीत धरूनच तयारी करा. लिटर-दोन लिटरच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून गोलात ठेवायच्या आणि दर दोन तासांनी बदलायच्या. वरून डालगं किंवा जाड चादर, एक बाजू मोकळी. कोळशाची शेगडी आत ठेवणारे पुष्कळ आहेत. बंद खोलीत शेगडीच्या वायूने पिल्लं पहाटेपर्यंत गपगार होतात, आणि शेजारी झोपलेल्या माणसालाही धोका असतो. शेगडी ठेवायचीच तर वरची खिडकी पूर्ण उघडी ठेवून, आणि स्वतः जागं राहून.

उंदीर, घूस, मांजर आणि साप यांचा बंदोबस्त अंधार पडण्याआधी करायचा. रात्री अर्ध्या इंचाची जाळी वरून टाका. सकाळी पिल्लू कमी आहे पण मेलेलं सापडत नाही, असं झालं तर रोगाचा विचार करू नका, बीळ शोधा.

पहिला आठवडा: शेपटीखाली, बेंबी आणि पाय

रोज सकाळी प्रत्येक पिल्लू हातात घेऊन उलटं करायचं. पन्नास पिल्लांना वीस मिनिटं लागतात.

शेपटीखाली विष्ठा वाळून भोक बंद झालं असेल, तर पिल्लाला शौच होत नाही आणि ते एक-दोन दिवसांत मरतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून तो गोळा मऊ करा आणि मगच काढा. सुका ओढला तर कातडी निघते, रक्त येतं आणि बाकीची तिथेच टोचत बसतात. पुसून कोरडं करा, खोबरेल तेलाचं बोट लावा, बल्बखाली सोडा. थोडं पुढे, पोटाकडे नाळेचा खपला असतो, त्याला हात लावू नका; नवखा माणूस तोच विष्ठा समजून खरवडतो. दोन-चार पिल्लांचं असं होणं हे गारठ्याचं किंवा प्रवासाच्या ताणाचं लक्षण आहे. पण दहा-बारांना चुन्यासारखी पांढरी हगवण लागली, पिल्लं पंख पाडून डोळे मिटून उभी आहेत आणि रोज मरताहेत, तर ती साल्मोनेला या जिवाणूची पांढरी हगवण असू शकते. ती आईकडून अंड्यातून येते. प्रतिजैविकाने मर कमी होते, पण वाचलेली कोंबडी जन्मभर जंतू बाळगते, म्हणून तिची अंडी उबवायला ठेवायची नाहीत.

बेंबी ओली, सुजलेली, निळसर-काळी आणि पोट पाण्याच्या फुग्यासारखं मऊ असेल, तर तो उबवणीतल्या अस्वच्छतेचा संसर्ग आहे. अशी पिल्लं बहुतेक वाचत नाहीत. वेगळी करा, ऊब द्या, पण पैसे घालवू नका. खोक्यात अशी पाच-सहा निघाली तर त्याच दिवशी विक्रेत्याला फोटो पाठवा आणि पुढच्या वेळी पिल्लं दुसरीकडून घ्या. आमच्या भागातले बरेच जण पुण्यातल्या खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून आणतात. अशी मध्यवर्ती केंद्रं कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरलाही आहेत, तिथे आधी नोंदणी करावी लागते.

पाय फाकलेलं पिल्लू मात्र हमखास सुधारतं, पण पहिल्या दोन-तीन दिवसांतच. जखमेवर लावायची चिकटपट्टी घ्या, तिच्या मधल्या गादीचा दोन पायांमध्ये पूल होईल अशी दोन्ही नळ्यांना गुंडाळा. पाय उभं राहताना असतात तेवढेच अंतरावर हवेत, घट्ट जोडायचे नाहीत. खाली खरखरीत गोणपाट. रोज पट्टी सोडून बघायची. तीन-चार दिवसांत ते पळायला लागतं. पट्टीतल्या पिल्लाला बाकीच्यांपासून आडोसा द्या, पाणी जवळ ठेवा.

लसी, आणि शंभराची कुपी

पिल्लांच्या ज्या आजारांत औषध चालत नाही, त्यांना लस हाच उपाय आहे. मानमोडी म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून ते नाव पडलं. पिल्लं घरघरतात, हिरवी हगवण होते, मग मान पिळली जाते. मान पिळलेल्या पिल्लाला लसूण, हळद, कुठलीही गोळी देऊन काही होत नाही.

साधारण वेळापत्रक असं:

पहिला दिवस: मॅरेक्स या विषाणूच्या रोगाची लस. ही उबवणी केंद्रातच मानेला टोचतात. विकत घेताना टोचली आहे का, विचारा.

५ ते ७ वा दिवस: लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब.

१२ ते १४ वा दिवस: गंबोरो या रोगाची लस (त्याबद्दल खाली).

२१ ते २८ वा दिवस: लासोटाचा दुसरा डोस. गंबोरोचा दुसरा डोस लागतो का, ते डॉक्टर ठरवतात.

६ ते ८ आठवडे: देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीत. कोंबड्या अंड्यांसाठी ठेवणार असाल तर त्याच सुमारास राणीखेतची आर-टू-बी.

अडचण अशी की लसीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, पिल्लं पन्नासच असतात, आणि एकदा कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरता येत नाही. आमच्या वाडीत आता चार घरं एकाच आठवड्यात पिल्लं आणतो आणि लस एकत्र करतो. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तारीख आधी सांगितली तर पशुधन पर्यवेक्षक येतातही. लस आणताना थर्मासमध्ये बर्फ हवा, २ ते ८ अंश तापमान सांभाळायचं. दुकानदाराने उन्हात हातात दिलेली कुपी घेऊ नका. लस सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्या. थेंब डोळ्यात पडल्यावर पिल्लू पापणी मिटून उघडेपर्यंत धरून ठेवा, लगेच सोडलं तर ते डोकं झटकतं आणि लस तुसावर जाते. पाण्यातून देत असाल तर क्लोरीन टाकलेलं नळाचं पाणी चालत नाही. आजारी, सुस्त पिल्लांना लस देऊ नका. आणि नंतर हात साबणाने धुवा, लासोटाचा हात डोळ्याला लागला की डोळे येतात.

गंबोरोची लस लोक टाळतात, कारण नाव माहीत नसतं. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात हा रोग येतो, पांढरं पातळ हगवण, पिल्लं कुबड काढून बसतात, तीन-चार दिवस मर चढते आणि मग आपोआप उतरते. उतरली म्हणून लोक निर्धास्त होतात. पण या विषाणूने रोगप्रतिकाराचा अवयवच खाल्लेला असतो, त्यामुळे वाचलेल्या पिल्लांना पुढची लासोटा नीट लागू पडत नाही आणि दोन महिन्यांनी मानमोडी येते.

तिसरा आठवडा: रक्ती हगवण

औषध खरोखर कामाला येतं असा हा आजार, म्हणून इथे थोडं थांबतो.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सकाळी तुसावर चॉकलेटी किंवा लाल विष्ठा दिसली, पिल्लं पिसं फुलवून गोळा होऊन बसली, तुरे फिके पडले, तर कॉक्सिडिओसिस समजा. आतड्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा हा उद्योग. त्याची अंडी विष्ठेतून तुसात पडतात, पण ताजी पडलेली अंडी लगेच आजार करत नाहीत. ओल आणि पंचवीस-तीस अंशांची ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात, मग पिल्लू ती टिपतं, आणि आठवडाभरात हजारोंनी नवी बाहेर पडतात. म्हणजे कोरड्या तुसात हा आजार रखडतो आणि ओल्या तुसात पेटतो. पावसाळ्यात आमच्याकडे त्याचा हंगामच असतो. फिनेल आणि साधी जंतुनाशकं या अंड्यांचं काही बिघडवत नाहीत.

उपचार अँप्रोलियमचा. पिल्लं खाणं सोडतात पण पाणी पितात, म्हणून तो पाण्यातूनच. २० टक्के ताकदीची पावडर असेल तर लिटरला सुमारे १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. ताकद पाकिटावर वाचा, वेगवेगळी मिळते, आणि शक्य असेल तर डॉक्टरांना आधी फोन करा. पाणी रोज ताजं कालवा आणि दुसरं कुठलंही पाणी समोर ठेवू नका. एक चूक हमखास होते. पिल्लं अशक्त दिसतात म्हणून लोक त्याच पाण्यात ब-जीवनसत्त्वाचं टॉनिक टाकतात. अँप्रोलियम हे ब-१ सारखं दिसून परजीवीला फसवतं. टॉनिक दिलंत की तुम्ही परजीवीलाच जेवू घालताय. टॉनिक कोर्स संपल्यावर द्या.

औषधाबरोबर तूस बदललं नाही तर दहा दिवसांत रक्त पुन्हा दिसतं. ड्रिंकरभोवतीचं ओलं तूस रोज काढा, तिथे कोरडं टाका. ड्रिंकर विटेवर ठेवा, त्याची कड पिल्लाच्या पाठीच्या पातळीला आली की सांडणं निम्मं होतं. बाकीचं तूस दिवसाआड खालीवर करा. तूस मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे.

लहान पिल्लं मोठ्या गावठी कोंबड्यांत सोडू नका, हेही इथेच सांगायला हवं. मोठ्या कोंबड्या निरोगी दिसतात, पण हा परजीवी आणि सर्दीचे जंतू त्यांच्याकडूनच येतात. आधी पिल्लांचं काम उरका, मग मोठ्यांकडे जा, आणि चप्पल वेगळी ठेवा.

शिंका, घरघर आणि प्लॅस्टिकचा कागद

पावसाळ्यात लोक खुराडं प्लॅस्टिकने चहूबाजूंनी बंद करतात. विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू बाहेर जात नाही, पिल्लांच्या डोळ्यांतून पाणी येतं, मग शिंका, मग घरघर. स्वतः आत पिल्लाच्या उंचीवर उकिडवे बसा आणि मिनिटभर थांबा. तुमचे डोळे चुरचुरले तर पिल्लं दिवसभर त्यात आहेत. कागदाची वरची एक फूट पट्टी उघडी ठेवा, वारा पिल्लांच्या डोक्यावरून जातो. हवा सुधारूनही दोन दिवसांत घरघर थांबली नाही तर दवाखाना. घरातली माणसांची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची पद्धत सोडून द्या. मात्रा चुकते, आजार दबतो, आणि त्या कोंबडीचं मांस-अंडं शेवटी आपणच खातो. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर तर खाद्यप्राण्यांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्येच बंदी घातली आहे. जुना साठा कोणी देऊ लागला तर घेऊ नका.

टोचाटोची सुरू झाली तर गर्दी आणि प्रखर उजेड आधी तपासा. रक्त निघालेलं पिल्लू लगेच बाहेर काढा, नाहीतर बाकीची त्याला सोडत नाहीत.

मेलेलं पिल्लू फेकू नका

पहिल्या आठवड्यात पन्नासातलं एखाद-दुसरं जातंच. पण एका दिवशी तीन-चार गेली किंवा आकडा रोज चढत गेला, तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा शवविच्छेदन करून घ्या. नुकतं मेलेलं पिल्लू दुहेरी पिशवीत बांधून बर्फावर ठेवा, गोठवू नका, आणि एक-दोन आजारी जिवंत पिल्लं वेगळ्या खोक्यात घेऊन त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात जा. पुण्याजवळच्यांना औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे. सोबत वहीचं पान न्या: किती आणली, कधी, कुठली लस कधी, काय खाद्य, रोज किती मेली. डॉक्टर आधी हेच विचारतात.

मोठ्या कोंबड्यांसकट अचानक पटापट मर लागली, तर मात्र काहीही हलवू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. दवाखान्याला किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच नंदुरबारच्या नवापुरात सापडला होता, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्यात. बाकी मेलेली पिल्लं विहिरीपासून लांब, दोन-तीन फूट खड्ड्यात, चुना टाकून पुरा. कुत्र्यांनी उकरलं तर रोग वाडीभर फिरतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिसं भरली की बल्ब बंद करा, आधी दिवसा, मग रात्री. पिल्लं परसात सोडली की रिकाम्या जागेतलं तूस सगळं उचलून उकिरड्यावर टाका, जमीन आणि भिंती घासून धुवा, वाळू द्या, चुना मारा. परजीवीची अंडी मारायला फ्लेम गन, म्हणजे ज्वाळा फेकणारी बंदूक, फिरवता आली तर फार चांगलं, गावात कोणाकडे तरी असते. नंतर किमान पंधरा दिवस जागा रिकामी ठेवा आणि त्या दिवसांत उंदरांची बिळं सिमेंट-काचेने बुजवून घ्या.